दाव्यासकट म्हैस

पार्वताबाईनं मला फसवलं. म्हैस देताना नाही, म्हैस सोन्यासारखी निघाली. फसवलं ते दावं देताना. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण या सदरात लोक गोष्ट घोळवत नेतात आणि शेवटी दोष कोणाचाच नसतो. इथे दोष आहे, आणि तो कोणाचा ते मला ठाऊक आहे.

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते. पिंपळावरची बाई, उलट्या पावलांचा माणूस... वाचते आणि हसते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. गल्लीत कोणाच्या लेकराला दृष्ट लागली म्हणून बायका मीठ-मोहऱ्या घेऊन धावल्या की मी आधी विचारायची, काल त्यानं खाल्लं काय? दुधाचा धंदा करणाऱ्या बाईला हवेत काही दिसत नाही, तिला दुधातलं पाणी दिसतं. आजही मी तशीच आहे. तरीही हे लिहिते आहे, कारण सात वर्षं झाली आणि माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेलं नाही.

मी कळंबची. शाळा चौथीपर्यंत, पुढचं बाजारानं शिकवलं. छप्पन साली लग्न होऊन आले तेव्हा घरात एक शेळी होती, तीही वाट्यानं पाळलेली. माझे पती किसनराव जिनिंगमध्ये कापूस तोलायला होते. माणूस इतका गरीब की कोणी पायावर पाय दिला तर हाच माफी मागेल. म्हणून घरातला सगळा राग माझ्याकडे आला असावा. डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन मी सुरुवात केली, आणि एकसष्ट साल उजाडेपर्यंत आमच्या कोठ्यात दोन म्हशी होत्या आणि मोटारस्टँडवरची तीन हॉटेलं माझ्याच दुधावर चालत होती. बाजारात मला लवंगी म्हणत. मिरचीवरून. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, पाठीमागे म्हणत.

त्या दिवाळीत मला पाचवा महिना होता. त्याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच आटोपलं होतं. हे तिसरं पोट टिकलं होतं. टिकलं म्हणून मी घरात बसले नाही. उलट दूध वाढवायचं ठरवलं, लेकरू येईल तेव्हा घर भरलेलं पाहिजे म्हणून.

कळंबहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की दोन कोसांवर डाव्या हाताला गाडीवाट फुटते. आत पंचवीस-तीस घरांची वस्ती आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथल्या पार्वताबाईची नागपुरी म्हैस विकायची आहे असं कानावर आलं. लांब शिंगांची, दुसऱ्या वेताची, नुकतीच व्यालेली. किसनरावांना जिनिंगमधून सुट्टी नव्हती, आणि ते आले असते तर त्यांनी बाईला दोन पैसे जास्तच दिले असते. मी एकटीच पायी गेले.

पार्वताबाई पन्नाशीची, विधवा, आडव्या हाडाची. नवऱ्यामागे शेत, घर, लेक सगळं तिनंच सांभाळलेलं. माझ्यासारखीच बाई, म्हणून मला सुरुवातीला आवडली. ओसरीवर खांबाला टेकून तिची सून बसली होती. सुमित्रा तिचं नाव. पोट माझ्याच बरोबरीचं. पण तिचं तोंड उघडं, खांदे वर-खाली, उन्हाळ्यातल्या कोंबडीसारखी बसल्या जागी धापा टाकत होती. तिनं मला पाणी द्यायला उठायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातूनच खाली बसली.

"हिले काय झालं वं?" मी विचारलं.

"काही नाई बाप्पा, पोटुशी हाय. चवथ्यापासून दम लागून राह्यला. वैदू झाला, यवतमाळ झालं, अंगारा झाला." पार्वताबाई सुनेकडे न बघताच बोलली. "तू म्हशीचं बोल."

मी म्हशीचं बोलले. म्हशीचे दात पाहिले, सड पाहिले, चार धारा काढून पाहिल्या. शिंगाला नाव ठेवलं, शेपटीला नाव ठेवलं. तिनं माझ्या बोलण्याला नाव ठेवलं. दोघींनी एकमेकींच्या माहेराचा उद्धार केला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कुठे भाव ठरला.

आता नीट वाचा. आमच्याकडे जनावर विकताना दावं देत नाहीत. घेणारानं आपलं दावं घेऊन यायचं. जुनं दावं सोडायचं आणि ते विकणाऱ्याच्या खुंट्यालाच राहू द्यायचं. जनावर गेलं तरी घरचं दूध जाऊ नये, अशी समजूत. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, माझं दावं माझ्या खांद्यावर होतं. पण सौद्यात शेवटचा शब्द समोरच्याचा राहिला तर मला रात्री अन्न गोड लागत नाही. म्हशीच्या गळ्यातलं दावं अंबाडीचं होतं, तीनपदरी, तळहाताला मऊ लागेल असं वळलेलं. मी म्हटलं, "दाव्यासकट देशीन तं घेते."

"येडी हाय का वं? दावं कोणी देते काय?"

"मंग राहू दे म्हैस."

"राह्यली! जाय."

मी निघाले. हा आपला नेहमीचा डाव... निघायचं, पण पावलं लहान टाकायची. आठ-दहा पावलं झाली तरी मागून हाक आली नाही. मला वाटलं, लवंगे, आज हरलीस. तेवढ्यात आवाज आला.

"कितवा महिना वं तुले?"

मी वळले. पार्वताबाई ओसरीच्या कडेला उभी होती आणि माझ्या पोटाकडे बघत होती.

"पाचवा. काहून?"

"दम-बिम लागते?"

"मले? दोन कोस पायी आली मी. तशीच जाईन."

तिनं सुनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कोठ्यात गेली, स्वतःच्या हातानं दावं सोडलं आणि म्हशीच्या गळ्यात माझं बांधलं. जुनं दावं गुंडाळून घेऊन आली. सुमित्रा खांबाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती.

"मामीजी... नोका... देऊ..."

तीन शब्दांना तीन श्वास. सासू म्हणाली, "तू गप राह्य." आणि दोन्ही हातांनी ते दावं माझ्या हातात ठेवलं, ओटी भरावी तसं.

"घे. तूच मांगतलं, ध्यानात ठेव."

मी हसले. जिंकले होते ना! सुनेला सासूचा व्यवहार पटला नाही, एवढाच अर्थ मी त्या तीन शब्दांचा लावला.

गाडीवाट संपून डांबरी रस्ता लागतो तिथे मैलाचा दगड आहे. तिथवर म्हैस माझ्यामागे चालत होती. तिथून पुढे मी म्हशीच्या मागे चालायला लागले. ऊन कडक नव्हतं, चढ नव्हता. छातीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं झालं, दाबून नाही, नुसता ठेवल्यासारखा. श्वास येत होता, पण अर्ध्यावरून परत जात होता, उंबऱ्यापर्यंत येऊन घरात न शिरणाऱ्या पाहुण्यासारखा. घरी पोचायला तिन्हीसांज झाली. किसनरावांनी विचारलं, "कशी मिळाली?" मला दोन शब्द सांगायचे होते. "दाव्यासकट" एवढा एकच बाहेर आला.

पुढचे साडेतीन महिने कसे गेले ते ज्या बाईनं भोगलं तिलाच कळेल. चुलीला फुंकर घालता येईना. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून सरकीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची. धार काढायला बसले की पाच धारांनंतर थांबायचं. म्हैसही मान वळवून बघायची, हिला काय झालं म्हणून.

पण सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं गेलं. माझा धंदा दुधाचा नाही, बोलण्याचा आहे. स्टँडवरच्या हॉटेलवाल्या महादेवला मी पाच वर्षं धाकात ठेवलं होतं. त्यानं "बाई, दूध पातळ" म्हणायचा अवकाश, त्याच्या चहापासून त्याच्या सोयऱ्यांपर्यंत सगळं काढायची. एका सकाळी तो म्हणाला, "बाई, शेरामागं वरून थोडं देत जा आता. सगळे देऊन राह्यले." मी तोंड उघडलं. "महादेवभाऊ..." म्हटलं, आणि पुढचा श्वास येईना. तो वाट बघत राहिला. त्याच्या बाकावरची चार माणसंही बघत राहिली. शेवटी मी मान हलवली. हो म्हणून! आयुष्यात पहिल्यांदा. महादेव इतका घाबरला की म्हणाला, "बाई, राहू द्या, तुमी आधी पाणी प्या." त्याची ती दया मला अजून झोंबते.

दवाखान्यात गेले नाही असं समजू नका. यवतमाळला लेडी डॉक्टरकडे तीनदा गेले, एस.टी.च्या पुढच्या सीटवर बसून. शहाणी बाई होती, मन लावून तपासायची. छाती ऐकली, पाठ ऐकली, नाडी पाहिली, रक्त तपासलं. रक्त थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या आणि टॉनिक दिलं. म्हणाली, "गर्भ वाढला की वर सरकतो, छातीला जागा कमी पडते. पुष्कळ जणींना धाप लागते. पण ती शेवटी शेवटी. तुमचं हृदय ठीक आहे, फुफ्फुसं ठीक आहेत. पाचव्यातच एवढी, तीही एका दिवसात..." गोळ्या मी एकही चुकवली नाही. इथे सांगून ठेवते, जिला अशी धाप लागेल तिनं आधी दवाखाना गाठावा, दावं शोधत बसू नये. मीही शोधलं नव्हतं. दावं कोठ्यातल्या खुंटीला लटकत होतं आणि मला त्याची आठवणही नव्हती.

आठवण करून दिली एका तूपवालीनं. ती पार्वताबाईच्या वस्तीवरून यायची. सातवा लागला होता मला. ती सहज बोलून गेली, "सुमित्राचं बेस झालं पाहा. तुमी म्हैस नेली त्याच सांजेले उठली. दोन घागरी पाणी आणलं विहिरीवरून! बुढी म्हंते, म्हशीचीच पीडा होती."

म्हशीची पीडा! म्हैस माझ्या कोठ्यात उभी होती आणि तिच्यासारखं निरोगी जनावर तालुक्यात नव्हतं. मी खुंटीकडे पाहिलं. विश्वास ठेवला असं नाही. पण सुमित्राचे खांदे, पार्वताबाईचा प्रश्न, ते तीन शब्द... मनात एकापुढे एक येऊन बसले.

त्या दिवशी किसनरावांनी ते दावं उकिरड्यावर फेकलं. धाप तशीच. तीन दिवसांनी मीच ते उचलून आणायला लावलं. माझं म्हणणं सरळ होतं. सौदा हातानं झाला, मोडायचा तर हातानंच मोडला पाहिजे.

बैलांची दमणी केली, दावं मांडीवर घेतलं आणि किसनरावांना सोबत घेऊन पार्वताबाईच्या वस्तीवर गेले. सुमित्रा अंगणात जात्यावर दळत बसली होती, गुणगुणत. गुणगुणत! मला पाहिलं आणि तिचं जातं थांबलं. पार्वताबाई आतून आली.

"हे घे," मी दावं पुढे केलं. "तुहं... तुले... वापस."

तिनं हात पदराखाली घेतले. दोन्ही. मी दावं आणखी पुढे केलं तशी ती दोन पावलं मागे सरली. साधं अंबाडीचं दावं, आणि ही बाई विंचू पाहिल्यासारखी मागे सरते!

"झालेला सौदा मोडत नाई मी."

किसनराव म्हणाले, "बाई, म्हैसही ठेवा. पैसे नको आमाले. एवढं दावं घ्या."

तुम्हीच सांगा, दुभती म्हैस फुकट परत मिळते आहे आणि बाई नको म्हणते! हे बाजारात कधी घडलं आहे? तिला काही ठाऊकच नसतं तर तिनं म्हैस आधी ओढून घेतली असती.

"तुले... मालूम... होतं," मी म्हणाले.

"तू मांगतलं. मी देत नव्हती. तू पाय आपटत निंघाली."

"मी... दावं..." पुढचं आलंच नाही. माझ्या पोटात वाक्य तयार होतं, एक नाही दहा होती, आणि एकालाही बाहेर यायला वारा नव्हता. पार्वताबाईला ते दिसत होतं. ती म्हणाली, "बस, पाणी पी, दम खा." दम खा म्हणाली मला!

तेवढ्यात सुमित्रा उठली. आठव्यात होती ती. पिठानं माखलेला हात तिनं माझ्यापुढे केला. "द्या बाई. माह्यंच हाय ते. मले द्या."

माझा हात उचलला गेला. खोटं बोलत नाही, उचलला गेला. पण मला ते बुढीच्या हातात द्यायचं होतं, त्या पोरीच्या नाही. मी थांबले तेवढ्यात पार्वताबाईनं सुनेचा दंड धरला, तिला घरात लोटलं आणि आतून कडी लावली. किसनराव दारापुढे हात जोडून उभे राहिले. मी त्यांना ओरडून सांगणार होते की हात जोडू नका. तेही सांगता आलं नाही.

आता जे सांगते त्याला मी आणि आणखी तिघं साक्षीदार आहेत.

मला नववा लागायला आठवडा होता. आमच्या म्हशीची दीड वर्षाची वगार विकायला काढली होती. सकाळी राळेगावकडचं एक जोडपं आलं. तरणा पोरगा, मिशी नुकतीच फुटलेली, भाव करायची हौस दांडगी. बायको चंद्रकला, विशीचीही नसेल, तिलाही सहावा-सातवा असावा. पण पोरगी टवटवीत, आल्यापासून तोंड बंद नाही. नवरा भाव करत होता आणि ही मधेमधे त्याला टोचत होती. मी नुसती मान हलवत होते. भाव त्यांच्या मनासारखा ठरला. पोरगा वगारीला आपलं दावं बांधायला गेला, आणि पोरीची नजर खुंटीवर गेली.

"बाई, ते दावं बी द्या ना! किती बेस वळलं हाय. सौद्यात एवढं तं पायजे."

माझेच शब्द जणू. मी त्या पोरीकडे पाहिलं. कोणी तिला पाठवलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः मागत होती. मी नाही म्हटलं तर धाप माझी. हो म्हटलं तर... आणि पोटात माझं तिसरं होतं, टिकलेलं. लेडी डॉक्टरनं मागच्याच खेपेला सांगितलं होतं की बाळंतपणात दम पुरला नाही तर कठीण आहे, यवतमाळलाच या.

मी दावं काढलं आणि तिच्या हातात दिलं. हो, दिलं. जे केलं ते लिहिते.

ती दावं घेऊन वळली, आणि माझ्या छातीवरचा हात उठला. श्वास आत आला, आत आला, येतच राहिला, पार पोटापर्यंत. शेणाचा वास आला, सरकीच्या ढेपेचा वास आला, गल्लीत कोणाकडे तरी फोडणीत मिरची जळत होती तिचा वास आला. साडेतीन महिन्यांनी! पोटातलं लेकरू असं फिरलं की मी भिंतीला धरलं. मी मोठ्यानं म्हटलं, "अवो, ऐकता का, मले श्वास आला, पुरा आला!" एका दमात. ते घरातून धावत आले.

आमच्या गल्लीच्या टोकाला कडुनिंब आहे. ते जोडपं तिथवर पोचलं होतं. वगार पुढे, नवरा मधे, आणि चंद्रकला झाडाला हात लावून उभी. तिचे खांदे मला इथून दिसले. वर-खाली.

मी धावले. नवव्याच्या तोंडावर असलेली बाई धावली, लोक दारात येऊन बघायला लागले. "दावं दे वापस!" मी म्हटलं.

पोरगा भडकला. "सौदा झाला बाई. दिलं ते दिलं."

"दोन नवी देते. घरात पडली हायेत, सुताची."

"मंग याच्यात काहीतरी खास हाय. नाई देत."

तो अगदी माझ्यासारखाच बोलत होता आणि मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. मी बोलले, सुचेल ते बोलले, साडेतीन महिन्यांचं साठलेलं सगळं त्या पोरावर काढलं. आणि बोलताना मला कळत होतं की हा ज्या श्वासावर मी बोलते आहे तो त्या पोरीचा आहे. ती "अवो... अवो..." एवढंच करत होती. मी नवऱ्याला सोडलं आणि तिच्यापुढे हात पसरला. आयुष्यात कोणापुढे पसरला नव्हता. "पोरी, तूच मांगतलं, तूच दे. माह्या हातात ठेव."

तिनं ठेवलं. काही न विचारता ठेवलं. आणि मग असा लांब श्वास घेतला की तिच्या नवऱ्यानं दचकून पाहिलं.

कडुनिंबापासून माझं घर वीस-पंचवीस पावलं. येताना धावत आले होते. जाताना तीन वेळा जमिनीवर बसले. किसनरावांनी उचलून घरात नेलं. त्या पोरानं राळेगावच्या बाजारात सांगितलं की कळंबची लवंगी इतकी लोभी आहे की दिलेलं दावं धावत येऊन परत घेते. आजही तिकडचे लोक मला तसंच समजतात. समजू देत.

त्याच दुपारी मी ते दावं चुलीत घातलं. किसनराव म्हणाले, "असू दे वं, अजून कोणी..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि बरं केलं. कोणी मागायला येईल आणि मी पुन्हा देईन, याचीच मला भीती होती. साधं दावं जळतं तसं ते जळालं. ना आवाज, ना वास. राखेनं मी दुसऱ्या दिवशी भांडी घासली.

धाप गेली नाही. बाळंतपण यवतमाळला झालं. काय झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. कळ यायची आणि श्वास नसायचा. नर्स म्हणायची, "जोर लावा बाई", आणि मी मनात पार्वताबाईला शिव्या द्यायची. कदाचित त्यावरच निभावलं. मुलगी झाली. ती रडली आणि माझ्या छातीवरचा हात उठला, तो आजतागायत परत आला नाही. लेडी डॉक्टर म्हणाली, "पोट मोकळं झालं, छातीला जागा झाली." बरोबर आहे. ते मला मान्य आहे. मग कडुनिंबापर्यंत माझ्या छातीला जागा कोणी केली होती? मी तिला विचारलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही." एवढी प्रामाणिक ती एकटीच.

सुमित्राला आदल्याच महिन्यात मुलगा झाला होता, सुखरूप. त्याच्यावर माझा राग नाही. तीही नंतर एकदा बाजारात भेटली, माझ्या मुलीच्या हातावर गूळ ठेवला आणि रडत राहिली. तिचं तिनं केलं. ज्या दिवशी तिच्यात तीन शब्दांपुरता वारा होता, तो तिनं माझ्यासाठी खर्च केला.

पार्वताबाई मात्र अजून जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि मी दिसले की बाजारातली ओळ बदलते. लोक मला म्हणतात, सात वर्षं झाली, लेकरू शाळेत जातं, सोडून दे. का सोडू? मागितल्याची चूक माझी. ती मी भोगली, कोणाच्या गळ्यात न घालता चुलीत संपवली. नकळत घेणारी मी आणि जाणून देणारी ती, आम्ही दोघी सारख्या नाही. जाणून मीही एकदा दिलं, ते वर कबूल केलं आहे, आणि कडुनिंबापाशी परतही घेतलं.

धाप एका बाईची दुसरीला दाव्यानं कशी जाते, हे मला ठाऊक नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणी शिकलेला माणूस सांगत असेल तर सांगावं, मी ऐकून घेईन, पण दृष्ट-बिष्ट सांगू नका. पार्वताबाईला मात्र मी वेगळं विचारते आहे, आणि छापील विचारते आहे, म्हणजे तिला ओळ बदलता येणार नाही. ते दावं तुझ्या घरचं नव्हतं. तुझ्या घरी सुताची दावी वळतात, मी कोठ्यात पाहिली आहेत. तर मग ते तुझ्या सुनेच्या चौथ्या महिन्यात कोणी दिलं? तिचं नाव सांग. मी तिच्या दारात जाईन आणि तिलाही हेच विचारीन. तिनं दुसरीचं नाव सांगितलं तर त्या दारातही जाईन. कोणी तरी पहिली असेलच, जिनं कोणाचं न घेता दिलं. तिच्यापर्यंत पायी जायचीही माझी तयारी आहे. आता मला दम लागत नाही.